फ्रँक चॅपमन

फ्रँक मिश्लर चॅपमन (१२ जून १८६४ – १५ नोव्हेंबर १९४५) हे अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ, लेखक व संपादक होते. नाताळच्या पक्षीगणनेचे प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात. उष्णकटिबंधीय जंगलात कॅमेरा ट्रॅपचा पद्धतशीर वापर करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांतही त्यांची गणना होते.

न्यू जर्सी राज्यात जन्मलेल्या चॅपमन यांनी महाविद्यालयीन शिक्षण घेतले नाही. काही वर्षे त्यांनी न्यू यॉर्कमधील एका बँकेत नोकरी केली. याच काळात, १८८६ मध्ये, शहराच्या रस्त्यांवरून दोन दिवस फिरून त्यांनी स्त्रियांच्या टोप्या मोजल्या. ७०० पैकी ५४२ टोप्यांवर पिसे किंवा अख्खे पक्षी होते आणि त्यांत ४० जाती ओळखता आल्या. पिसांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीत ही मोजणी वारंवार सांगितली गेली. त्याच वर्षी त्यांनी बँक सोडली. १८८८ पासून ते न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत काम करू लागले आणि १९४२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

== बंदूक आणि गणना ==
त्या काळी पक्ष्याची नोंद म्हणजे बहुधा मारलेला पक्षी असे. चॅपमनही त्याला अपवाद नव्हते. १८९० च्या सुमारास फ्लोरिडात त्यांनी कॅरोलिना पॅराकीट या दुर्मीळ होत चाललेल्या पोपटांचे नमुने मिळवले. आणखी मारायचे नाहीत असे ठरवूनही पुढचा थवा दिसताच त्यांनी पुन्हा बंदूक उचलली आणि एकूण संख्या १५ झाली. या जातीचा पिंजऱ्यातील शेवटचा ज्ञात पक्षी १९१८ मध्ये मेला. कोलंबिया व इक्वाडोरमधील पक्ष्यांच्या वितरणावरचे त्यांचे मोठे ग्रंथ (१९१७ व १९२६) हजारो नमुन्यांवर आधारलेले आहेत. त्यामुळे त्यांच्या मतपरिवर्तनाची कथा सांगितली जाते तितकी सरळ नाही.

१८९९ मध्ये त्यांनी 'बर्ड-लोअर' हे नियतकालिक सुरू केले. नाताळच्या दिवशी गट पाडून जास्तीत जास्त शिकार करण्याची तेथे प्रथा होती. तिच्याऐवजी पक्षी मोजावेत, असे आवाहन त्यांनी या नियतकालिकातून केले. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ निरीक्षकांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. ही गणना आजही दरवर्षी होते.

== बारो कोलोराडो ==
पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवल्यावर गातून सरोवर तयार झाले आणि बुडालेल्या खोऱ्यातील एक डोंगरमाथा बेट होऊन उरला. हे बारो कोलोराडो बेट १९२३ मध्ये संशोधनासाठी राखून ठेवण्यात आले. उतारवयात चॅपमन अनेक हिवाळे तेथे राहिले. रात्री जंगलातील पायवाटांवरून कोण जाते हे जाणण्यासाठी त्यांनी वाटेवर आडवी दोरी ताणली. तिला धक्का लागताच मॅग्नेशियमच्या चूर्णाचा भडका होई आणि कॅमेऱ्यात चित्र उमटे. एका भडक्यात एकच चित्र मिळे. पुढच्या चित्रासाठी माणसालाच पुन्हा जाऊन सारी मांडणी करावी लागे. प्यूमा, ओसेलॉट, टॅपिर, पेकारी अशा क्वचितच दिसणाऱ्या प्राण्यांची जिवंतपणीची नोंद अशी झाली. या प्रयोगांचा वृत्तान्त 'आमच्या वाटा कोण तुडवते?' अशा अर्थाच्या शीर्षकाने १९२७ मध्ये 'नॅशनल जिऑग्रफिक'मध्ये आला. योगायोग असा की, त्याच वर्षी भारतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले.

पक्ष्यांसाठी मात्र चॅपमन यांनी मुख्यतः डोळ्यांवर भिस्त ठेवली. सुगरणीच्या खोप्याप्रमाणे लोंबणारी, पण कितीतरी मोठी घरटी विणणाऱ्या ओरोपेंडोलाच्या वसाहतीचे त्यांनी दीर्घकाळ निरीक्षण केले. जंगलातील जमिनीवर स्वतः झाडून काढलेल्या अंगणात नाचणाऱ्या मॅनाकिन पक्ष्याच्या प्रणयक्रीडेवरचा त्यांचा निबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला.

चॅपमन यांचे न्यू यॉर्क येथे निधन झाले. बेटावर आता उष्णता व हालचाल टिपणारे स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. त्यांच्या चित्रांत सस्तन प्राण्यांबरोबरच पानगळीत मिसळून जाणारा लाजाळू ग्रेट टिनामूही उमटतो.