माहितीला शिस्त लावणारे डॉ. कॉड

रेल्वेचे आरक्षण असो, बँकेचे खाते असो की परीक्षेचा निकाल. संगणकाला प्रश्न विचारावा आणि लाखो नोंदींतून नेमके उत्तर क्षणात समोर यावे, याचे आता कुणालाच अप्रूप राहिलेले नाही. या सोयीच्या मुळाशी असलेला विचार डॉ. एडगर फ्रँक कॉड यांचा. मात्र तो मान्य होण्यासाठी त्यांना स्वतःच्याच कंपनीत दीर्घकाळ झगडावे लागले.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या पोर्टलंड येथे झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी गणित आणि रसायनशास्त्राचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली आणि पुढच्याच वर्षी ते आयबीएममध्ये रुजू झाले. सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेचा उबग येऊन १९५३ मध्ये ते कॅनडात निघून गेले. १९५७ मध्ये परतले. चाळिशी ओलांडल्यावर, १९६५ मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी संगणकातील नोंदी एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या असत. हवी ती नोंद कोणत्या वाटेने सापडेल, हे प्रोग्रॅमरला पाठ असावे लागे. साठवणुकीची रचना बदलली की चालू प्रोग्रॅम कोलमडत. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शोधनिबंधात कॉड यांनी यावर गणिती उपाय सुचविला. सारी माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि तक्ते परस्परांशी जोडावेत ते त्यांतील समान मूल्यांवरून. कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात विभागाचा क्रमांक असला, की तोच क्रमांक विभागांच्या तक्त्यात शोधता येतो. वेगळ्या साखळीची गरज उरत नाही. वापरणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगावे. ते कसे शोधायचे, हे यंत्राने ठरवावे.

या दुसऱ्या भागावरच आक्षेप होता. निष्णात प्रोग्रॅमरइतकी जवळची वाट यंत्राला सापडेल, यावर अनेकांचा विश्वास नव्हता. शिवाय आयबीएमचे आयएमएस हे जुन्या पद्धतीचे उत्पादन बाजारात स्थिरावलेले होते. १९७४ मध्ये मिशिगनमधील अॅन आर्बर येथील परिषदेत कॉड आणि चार्ल्स बाकमन यांच्यात जाहीर वाद झडला. बाकमन प्रोग्रॅमरला माहितीच्या सागरातील दिशादर्शक मानत. ज्यांनी प्रत्यक्ष विमाने चालविली होती, ते कॉड मात्र प्रोग्रॅमरवर वाट शोधण्याची वेळच येऊ नये, या मताचे होते.

आक्षेपाला उत्तर मिळाले ते आयबीएमच्याच सॅन होजे येथील ‘सिस्टीम आर’ प्रकल्पातून. तेथे पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये वाट निवडण्याची रीत मांडली. चार तक्ते जोडण्याचे २४ क्रम संभवतात. दहा तक्त्यांचे ३६ लाख २८ हजार ८००! प्रत्येक क्रम तपासणे अशक्यच. म्हणून प्रत्येक तक्त्यात किती ओळी आहेत, इंडेक्सचा उपयोग होईल का, डिस्कवरून किती पाने वाचावी लागतील, यांवरून खर्चाचा अंदाज बांधायचा. आधी दोन-दोन तक्त्यांच्या जोडणीच्या स्वस्त वाटा काढायच्या, मग त्यांतच तिसरा तक्ता गुंफायचा आणि महागड्या वाटा वेळीच सोडून द्यायच्या. अंदाज चुकला तर निवडही चुकते. पण ‘कसे’ हे काम यंत्रावर सोपवता येते, हे सिद्ध झाले.

कंपनी रेंगाळली आणि इतरांनी संधी साधली. लॅरी एलिसन यांच्या कंपनीने १९७९ मध्येच ‘ओरॅकल’ बाजारात आणले. आयबीएमचे डीबी२ आले ते १९८३ मध्ये. दरम्यान, १९८१ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार कॉड यांना मिळाला.

तरीही ते समाधानी नव्हते. त्यांच्या कल्पनेवर उभी राहिलेली एसक्यूएल ही भाषा एकाच तक्त्यात तंतोतंत सारख्या ओळींना मुभा देते, हे त्यांच्यातील गणितज्ञाला पटणारे नव्हते. उत्पादनांवर केवळ नव्या नावाचे लेबल चिकटविले जात असल्याचे पाहून १९८५ मध्ये त्यांनी कसोटीचे नियम जाहीर केले. ते ‘बारा नियम’ म्हणून ओळखले जातात. शून्यापासून मोजल्याने प्रत्यक्षात तेरा भरतात.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजही एखादा विद्यार्थी हौसेने स्वतःचे छोटे डेटाबेस इंजिन लिहू लागतो, तेव्हा तक्ते कसे जोडावेत आणि कमी खर्चाची वाट कशी निवडावी, हेच दोन प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतात. पहिल्याचे उत्तर कॉड यांनी दिले. दुसरा प्रश्न यंत्राला विचारण्याचे धाडसही त्यांचेच.