रविवारची सुट्टी कायद्यात कशी आली? गोष्ट नारायण मेघाजी लोखंडेंची

कामगार कायद्यांवर परीक्षेत प्रश्न आला की दोन सालं हमखास लिहिली जातात, १८८१ आणि १८९१. या दोन कायद्यांच्या मधल्या दहा वर्षांत नेमकं काय घडलं, ते समजलं की पाठांतराची गरज उरत नाही. त्या दहा वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं नाव म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडेंचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घरची गरिबी असल्यामुळे शिक्षण फार झालं नाही. पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले आणि गिरणीतलं जगणं त्यांना जवळून बघायला मिळालं. सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात हा दिवस तेरा तासांच्याही पुढे जायचा. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती.

महात्मा फुलेंच्या सत्यशोधक विचारांचे असलेले लोखंडे १८८० साली 'दीनबंधु' वृत्तपत्र मुंबईतून चालवू लागले.

१८८१ च्या कायद्यात काय होतं?

भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी होती आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा होती. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल मात्र काहीच नव्हतं.

हा कायदा व्हावा म्हणून लँकेशायरच्या गिरणी मालकांनी जोर लावला होता. मुंबईचं स्वस्त कापड त्यांच्या धंद्याला जड जात होतं. त्यामुळे इथले मालक आणि अनेक राष्ट्रवादी पुढारी अशा कायद्यांकडे संशयाने बघायचे. लोखंडेंनी मात्र कामगाराच्या बाजूने विचार केला. कायदा कुणाच्याही फायद्यासाठी येत असो, राबणाऱ्याला त्यातून काय मिळतं, हे त्यांनी पाहिलं.

५,५०० सह्यांचं निवेदन

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंडेंनी सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

लगेच काही हाती लागलं नाही. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर जून १८९० मध्ये गिरणी मालक संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली.

मग कायदा कशाला हवा होता?

परीक्षेत गोंधळ होतो तो इथेच. १८९० चा निर्णय मालकांचा होता. तो मुंबईच्या गिरण्यांपुरता होता आणि मालकांना तो उद्या मागेही घेता आला असता.

त्याच वर्षी सरकारने नवा आयोग नेमला आणि त्याच्या कामात लोखंडेंनाही सहभागी करून घेतलं. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती बंधनकारक केली. मुलांचं किमान वय नऊ झालं, बायकांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांच्या तासांना मर्यादा यायला मात्र १९११ साल उजाडावं लागलं.

युनियन की आणखी काही?

लोखंडेंच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला भारतातली पहिली कामगार संघटना म्हणतात. पण तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते. म्हणून काही अभ्यासक तिला आजच्या अर्थाने ट्रेड युनियन मानत नाहीत. युनियनला कायद्याने नोंदणी मिळाली ती थेट १९२६ च्या कायद्याने. म्हणजे मागे कायद्याचं कसलंही संरक्षण नसताना लोखंडेंनी हजारो माणसं एकत्र आणली होती.

१८९७ साली मुंबईत प्लेगची साथ होती. रुग्णांसाठी धावपळ करताना लोखंडेंनाही प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारीला ते गेले. वय पन्नासच्या आतच होतं.

उत्तरपत्रिकेत क्रम असा लिहा : १८८१ पहिला कायदा, १८८४ निवेदन, १८९० मालकांची कबुली, १८९१ कायद्याने मिळालेला हक्क. शेवटच्या दोन टप्प्यांतला फरक लिहिलात, तर विषय समजलाय हे तपासणाऱ्याला लगेच कळेल.