विश्लेषण : सलग ७२ तास शस्त्रक्रिया करणारे डॉ. कोटणीस ३२ व्या वर्षीच का गेले?

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात रात्री कुणाच्या छातीत दुखले, कुणाला विंचू चावला की लोक आधी गावातल्याच डॉक्टरांचे दार वाजवतात. सकाळी दवाखान्यात पुन्हा तेच डॉक्टर, पुन्हा तीच गर्दी. ते किती तास झोपले, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे आयुष्य या प्रश्नाच्या नजरेतून पाहिले तर ती ‘अमर कहानी’ थोडी वेगळी दिसते.

कोण होते डॉ. कोटणीस?

जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू असतानाच चीन-जपान युद्ध भडकले. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. त्यात कोटणीसांसोबत आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे फारसे कुणाला आठवत नाही.

तिथे गेल्यावर काही महिन्यांतच वडिलांच्या निधनाची बातमी आली. परत जाण्याची मुभा असूनही कोटणीस गेले नाहीत. पथकातले इतर चौघे पुढे एकेक करून मायदेशी आले. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि उत्तर चीनच्या डोंगराळ भागात आघाडीजवळ काम करत राहिले.

७२ तासांत काय झाले?

१९४० मधील एका लढाईत त्यांनी तीन दिवस, तीन रात्री न झोपता शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत ८०० हून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केल्याचे सांगितले जाते. शाळेच्या भाषणात हा आकडा टाळ्या घेतो.

पण दुसरा आकडाही पाहा. सलग २४ तास जागे राहिलेल्या माणसाचा मेंदू आणि हात साधारण रक्तात ०.१० टक्के मद्य असल्याइतके ढिले पडतात, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे तिपटीहून जास्त! कोटणीसांपुढे पर्याय नव्हता, दुसरा सर्जन मिळणार कुठून? त्यामुळे दोष त्यांचा नाही. पण पर्याय नसणे हे कौतुकाचे कारण कसे होऊ शकते?

आजार माहीत नव्हता का?

माहीत होता. १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. ज्यांच्या नावाचे हे रुग्णालय, ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्येच गेले होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले आणि जंतुसंसर्ग झाला.

कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी दुसरीकडे जाण्याचा सल्लाही मिळाला. पण रुग्णालय, शिकवणे, शस्त्रक्रियेवरच्या पाठ्यपुस्तकाचे लेखन, यातले काहीच त्यांनी सोडले नाही. त्याच वर्षी परिचर्या शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांनीच त्यांचा मृत्यू झाला. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

‘बर्नआउट’ हा आजार आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली. लक्षणे तीन : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपणा आणि काम पूर्वीसारखे न जमणे. कोटणीसांमध्ये तुटलेपणा दिसत नाही, त्यामुळे त्यांना हे लेबल लावणे बरोबर नाही. त्यांच्याकडे होते ते फक्त न संपणारे काम. आजच्या फॅमिली डॉक्टरच्या बाबतीत मात्र दुसरे लक्षण रुग्णाला थेट जाणवते. डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहितात, जुना आजार विचारायचा राहून जातो. रुग्णाला वाटते, डॉक्टर बदलले.

पुढे काय झाले?

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आला आणि नाव घरोघरी पोहोचले. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता, पण १९६७ मध्ये पंचविशीच्या आतच तो गेला. कुओ छिंगलान २०१२ पर्यंत होत्या. डॉ. कोटणीसांचे शस्त्रक्रियेवरचे ते पुस्तक मात्र त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही.