नामदार गोखल्यांच्या शिक्षणाचा जमाखर्च

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघताच कायदे कौन्सिलातील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे, भारत सेवक समाज आणि महात्माजींनी त्यांना दिलेला गुरूचा मान यांचे स्मरण व्हावे, हे साहजिक आहे. ते सर्व प्रसिद्धच असल्याने त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. जून महिना जवळ आला की आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत कॉलेजच्या फीची विवंचना सुरू होते. त्या घरांतील मंडळींपुढे गोखल्यांच्या शिक्षणाचा जमाखर्च मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळराव १३ वर्षांचे, तर थोरले बंधू गोविंदराव १८ वर्षांचे होते. गोविंदरावही शिकतच होते. परंतु दोघांनी शिकावे अशी सोय घरात उरली नव्हती. त्यांनी पुस्तके मिटली व दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास धाडीत. घरासाठी राहत ते ७.

या ८ रुपयांचे मोल गोपाळराव जाणून होते. ते हाताने स्वयंपाक करीत आणि प्रसंगी एका वेळच्या जेवणावर भागवीत. एकदा एका सोबत्याने त्यांस नाटकास नेले. नेणारा तोच, तेव्हा खर्चही त्याचाच, अशी यांची समजूत. पण मागाहून त्याने तिकिटाचे पैसे मागितले. ते चुकते केल्यावर दिव्याच्या तेलास पैसे उरले नाहीत, आणि गोपाळराव रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास करू लागले. सोबत्यास दोष देण्याचे कारण नाही. गरिबी सांगण्याचा संकोच गरिबासच अधिक असतो.

१८८१ मध्ये गोपाळराव मॅट्रिक झाले. आता आपणही नोकरी धरून दादांचा भार हलका करावा, असे त्यांनी मनाशी घेतले होते. बंधूंस ते रुचेना. पण कॉलेजचा खर्च आणावा कोठून? तेव्हा वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी आपले दागिने मोडण्याची तयारी दाखविली. त्या काळी घरातील स्त्रीला स्वतःचे म्हणता येईल असे तेवढेच काय ते असे. या चरित्रातील सर्वांत मोठे दान आम्हांस हेच वाटते, आणि ते कोणत्याही सभेत जाहीर झाले नाही.

पुढे राजाराम, डेक्कन व अखेर मुंबईचे एल्फिन्स्टन अशी कॉलेजे झाली. एल्फिन्स्टनमध्ये दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाल्यावर बंधूंस थोडी उसंत लाभली. १८८४ मध्ये, अवघ्या १८ व्या वर्षी, गोपाळराव बी. ए. झाले आणि लवकरच पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून लागले. घरच्यांच्या आशा याहून मोठ्या असाव्यात, यात नवल ते काय? डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होणे म्हणजे अल्प वेतनावर २० वर्षे बांधून घेणे. त्यासाठी त्यांनी गोविंदरावांची संमती घेतली, आणि ज्याने आपले शिक्षण सोडले होते त्याने याही वेळी मन मोठे केले.

१६ मार्च १९११ रोजी नामदारांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कौन्सिलात मांडले. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न १० रुपयांहून कमी, त्याच्या मुलास फी पडू नये, अशी तरतूद त्यात होती. हे वाचताना कागलच्या त्या ७ रुपयांची आठवण आम्हांस झाल्यावाचून राहिली नाही. पुढच्या वर्षी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.