रूब फॉस्टर : खेळाडू ते सूत्रधार

काळा माणूस जोरात चेंडू फेकतो, वाऱ्यासारखा धावतो, हे अमेरिकेतल्या गोऱ्या बेसबॉलवाल्यांना कबूल होते. पण संघ कोणी निवडायचा, डाव कोणी आखायचा आणि तिकिटांचा गल्ला कोणी मोजायचा, हे प्रश्न आले की दार बंद! प्रमुख लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन यांना खेळाडू म्हणून १९४७ साली प्रवेश मिळाला. पहिला काळा प्रशिक्षक, बक ओनील, नेमायला मात्र १९६२ साल उजाडले आणि पहिल्या काळ्या मॅनेजरने, फ्रँक रॉबिन्सन यांनी, सूत्रे हाती घ्यायला १९७५. खेळू देण्यापासून हुकूम देऊ देण्यापर्यंत अठ्ठावीस वर्षे लागली. अँड्र्यू ऊर्फ रूब फॉस्टर हे मात्र १९०७ सालीच संघाचे मॅनेजर झाले होते आणि त्यासाठी त्यांनी कोणत्याही गोऱ्या लीगची परवानगी मागितली नव्हती. म्हणून त्यांचे चरित्र चळवळीतल्या माणसाने समजून घेतले पाहिजे.

फॉस्टर यांचा जन्म १७ सप्टेंबर १८७९ चा, टेक्सासमधील कॅल्व्हर्ट गावचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. त्या काळात मोजके काळे खेळाडू गोऱ्यांच्या व्यावसायिक संघांतून खेळत; मोझेस फ्लीटवूड वॉकर तर १८८४ साली प्रमुख लीगमध्येही खेळले. परंतु १८८७ च्या जुलैत इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे काळ्यांशी नवे करार करायचे नाहीत असे ठरवले. प्रमुख लीगांनी असा ठरावदेखील केला नाही. सगळे आपसांत समजून होते. वकिलीच्या धंद्यात असल्यामुळे सांगतो, लेखी बंदीला निदान कोर्टात आव्हान देता येते. नजरेनजरेत ठरलेल्या बंदीविरुद्ध दावा लावायचा तरी कोणावर?

फॉस्टर हे पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे. टेक्सासमधल्या वेको शहराच्या संघातून सुरुवात करून ते १९०२ साली शिकागोला आले. १९०३ मध्ये क्यूबन एक्स-जायंट्स संघाकडून खेळताना त्यांनी फिलाडेल्फिया जायंट्सला हरवले. पुढच्या वर्षी त्याच फिलाडेल्फियाकडे जाऊन जुन्या संघाला धूळ चारली. प्रख्यात गोरा पिचर ख्रिस्टी मॅथ्यूसन याला त्यांनीच एक खास चेंडू शिकवला अशी कथा सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही आणि फॉस्टर यांच्या मोठेपणाला तिची गरजही नाही.

त्यांचे खरे मोठेपण सुरू होते १९०७ पासून. त्या वर्षी ते शिकागोच्या लीलँड जायंट्स संघात खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी नात्याने आले. १९११ साली जॉन शोर्लिंग या गोऱ्या गुत्तेवाल्याशी भागीदारी करून त्यांनी शिकागो अमेरिकन जायंट्स हा संघ उभा केला. व्हाइट सॉक्स या गोऱ्या संघाने सोडलेले जुने मैदान त्यांना मिळाले. बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते त्या १९१३ ते १९१६ या वर्षांत इकडे शिकागोत हा संघ नावारूपाला आलेला होता. फॉस्टर स्वतः हळूहळू चेंडू फेकायचे कमी झाले, आणि बाकावर बसून खेळ चालवू लागले.

तो कसा चालवत, हे पाहण्यासारखे आहे. त्यांचा भरवसा ताकदीच्या फटक्यापेक्षा वेगावर आणि चलाखीवर होता. बॅट न फिरवता चेंडू नुसता हलकेच टेकवून जवळ पाडायचा, याला बंट म्हणतात. सरावाच्या वेळी फॉस्टर धावरेषेजवळ टोपी ठेवत आणि टेकवलेला चेंडू त्या टोपीत गेला पाहिजे असा आग्रह धरत, असे सांगतात. पहिल्या बेसवरचा गडी आधीच धावत सुटायचा, चेंडू तिसऱ्या बेसच्या बाजूला टेकवला जायचा आणि क्षेत्ररक्षक तो उचलेपर्यंत हा पठ्ठ्या थेट तिसऱ्या बेसवर! तोंडातल्या पाइपच्या धुरातून ते खुणा करत अशीही दंतकथा आहे. १९२१ साली इंडियानापोलिसविरुद्ध अठरा शून्य अशी पिछाडी असताना त्यांच्या संघाने सामना अठरा अठरा असा बरोबरीत सोडवला. काळ्याला डोके नसते म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर काय द्यायचे?

पण संघ चांगला असून भागत नव्हते. सामने कुठे, कोणाशी आणि किती पैशांवर व्हायचे, हे अनेक ठिकाणी गोरे दलाल ठरवत. १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागोत वांशिक दंगल झाली, ३८ माणसे मेली. त्यानंतर काही महिन्यांतच, १३ फेब्रुवारी १९२० रोजी, कॅन्सस सिटीच्या पासेओ वायएमसीएमध्ये फॉस्टर यांनी संघमालकांना एकत्र बसवले आणि आठ संघांची निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. या लीगला प्रमुख लीगचा दर्जा असल्याचे गोऱ्या बेसबॉलने मान्य केले ते डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी.

फॉस्टर अध्यक्ष झाले. गल्ल्यातला पाच टक्के वाटा त्यांच्याकडे जाई, आणि अडचणीतल्या संघांना प्रवासखर्चासाठी ते पदरचे पैसेही देत. त्यांच्यावर टीका झाली, ती सगळी खोटी नव्हती. संघाचे मॅनेजर तेच, भागीदार तेच आणि लीगचे अध्यक्षही तेच. त्यात पहिली तिन्ही अजिंक्यपदे त्यांच्याच संघाने जिंकली, तेव्हा इतरांना शंका येणारच. एका माणसाच्या हाती एवढी सूत्रे असू नयेत, मग तो कितीही आपला असो. मात्र त्यांनी माणसे अडवून ठेवली नाहीत. आपला कसलेला खेळाडू पीट हिल डेट्रॉइटला मॅनेजर म्हणून दिला, बिंगो डीमॉस इंडियानापोलिसला दिला. ज्या काळात गोऱ्या लीगमधला एकही मालक काळ्याला मॅनेजर करत नव्हता, त्या काळात फॉस्टर यांच्या हाताखालून मॅनेजर तयार होत होते.

१९२५ साली इंडियानापोलिसच्या मुक्कामात खोलीतल्या गॅसगळतीने ते मरता मरता वाचले. पुढच्या वर्षी त्यांचे मानसिक संतुलन ढळले आणि त्यांना कँकाकीच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. संघ हाती घेतला तो त्यांच्याच तालमीतल्या डेव्ह मॅलार्चर यांनी, आणि १९२६ व १९२७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी काळ्यांची जागतिक मालिका जिंकली. फॉस्टर परत मैदानात आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९३० रोजी त्याच रुग्णालयात ते गेले. शिकागोच्या थंडीत हजारो लोक अंत्यदर्शनाला आले. लीग १९३१ पर्यंत कशीबशी टिकली. शोर्लिंगशी असलेली भागीदारी तोंडी होती, कागद नव्हता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्याने काळ्या खेळाडूंसाठी करार, वेळापत्रक आणि हिशेब यांची शिस्त आणली, त्याच्या बायकोच्या हाती त्या संघातला वाटा आला नाही.