चुल्लपंथकाला गाथा पाठ होईना

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले, तेव्हा प्राचीन स्तूपाच्या अवशेषांत दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली मिळाली. आम्ही पवनीकर ते अभिमानाने सांगतो. पण विहारातल्या रविवारच्या वर्गात ज्या पोराला त्रिसरण-पंचशील पाठ होत नाही, त्याला मागे बसवणारेही आम्हीच. म्हणून चुल्लपंथक स्थविरांची आठवण.

राजगृहाच्या एका श्रेष्ठीची मुलगी घरच्या नोकरासोबत निघून गेली. तिला दोन्ही मुले वाटेतच झाली, म्हणून थोरला महापंथक, धाकटा चुल्लपंथक. दोघे आजोळी वाढले. थोरला आधी संघात गेला, अर्हत झाला, मग धाकट्यालाही त्याने प्रव्रज्या दिली. पाठ करायला चार ओळींची एक गाथा दिली. पुढची ओळ घोकू लागला की चुल्लपंथकाची मागची निसटायची. असे चार महिने गेले. जीवकाने संघाला भोजनाला बोलावले, तेव्हा महापंथकाने भावाला मोजणीतून वगळले आणि विहार सोडायला सांगितले. सख्ख्या भावाने, तेही अर्हताने, हे करावे, हे आम्हाला फार बोचते.

पहाटे तो निघाला, तर दारात तथागत. त्यांनी सोपी गाथा शोधली नाही. पांढरे स्वच्छ फडके दिले, पूर्वेकडे तोंड करून ते चोळत राहायला आणि धूळ झटकण्याचा एकच शब्द म्हणत राहायला सांगितले. हाताच्या मळाने फडके काळवंडत गेले आणि चुल्लपंथकाला अनित्य कळले. तो अर्हत झाला. तिकडे जीवकाकडे भगवंतांनी पात्रावर हात ठेवला आणि विहारात राहिलेल्या भिक्खूला आणायला माणूस पाठवला.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचे निदान चिकटवणे आम्हाला मान्य नाही. पण अट्ठकथेतली एक जोड आम्ही त्याहून ठामपणे नाकारतो: मागच्या जन्मी त्याने एका मंद भिक्खूची थट्टा केली, म्हणून तो असा झाला. गतजन्मीच्या कर्माचा हा हिशेब बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये फेटाळला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. तरीही अशा लेकराच्या आईला पूर्वजन्माचे पाप आमच्याच वस्तीत ऐकवले जाते.

येत्या वर्षावासात वर्ग पाठांतराने सुरू करायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. आधी थोडे आनापान, मग चित्रे, मग टेकडीपर्यंत चालत जाणे. मागची रांग काढली आहे. सगळे गोलात बसतील.