हॅम्बुर्गचे पाणी आणि रॉबर्ट कॉख

क्षयरोगाचा जंतू शोधणारे शास्त्रज्ञ म्हणून रॉबर्ट कॉख यांचे नाव बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. शहराच्या नळाला येणारे पाणी कसे गाळावे आणि ती गाळणी रोज कशी तपासावी, याचे काटेकोर नियमही त्यांनीच घालून दिले. ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. गोटिंगेन विद्यापीठातून १८६६ मध्ये डॉक्टर झाल्यावर काही काळ ते हॅम्बुर्गच्या रुग्णालयात होते. त्याच वर्षी तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली होती. त्या वेळी या रोगाच्या कारणाबद्दल डॉक्टरांमध्येच एकमत नव्हते.

पुढे वोल्श्टाइनसारख्या लहान गावी सरकारी वैद्यकीय अधिकारी असताना, रुग्ण तपासून उरलेल्या वेळात त्यांनी घरातच अँथ्रॅक्सचा अभ्यास केला. तो १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८८० मध्ये त्यांना बर्लिनला बोलावणे आले. तिथे त्यांनी जंतू घट्ट माध्यमावर वाढवण्याची पद्धत बसवली. मोजून घेतलेले थोडे पाणी पातळ जिलेटिनमध्ये मिसळायचे, काचेवर पसरायचे, दोन-तीन दिवस थांबायचे आणि उगवलेले ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे ढोबळमानाने मूळचा एक जंतू. स्वच्छ दिसणारे पाणी खरोखर किती स्वच्छ आहे, हे आता आकड्यात सांगता येऊ लागले. १८८४ मध्ये कोलकात्यात त्यांनी पटकीचा जंतू ओळखला. जिथे साथ होती, त्या वस्तीच्या तळ्यातही तो सापडला.

तरी हॅम्बुर्गला ते पटले नव्हते. म्युनिकचे नामवंत प्राध्यापक पेटेनकोफर पाण्यापेक्षा जमिनीच्या स्थितीला महत्त्व देत. ज्या नगरपित्यांना गाळणीचा खर्च लांबवायचा होता, त्यांना हे मत सोयीचे होते. एल्बे नदीचे पाणी हौदात निवळले की तसेच नळाला सोडले जाई. पाणी शहराच्या वरच्या बाजूने उचलत, पण भरतीबरोबर खालची घाण वर सरकत असे. वाळूच्या गाळण्यांचे काम सुरू होते, पण संपले नव्हते. ऑगस्ट १८९२ मध्ये साथ उसळली. २४ तारखेला कॉख शहरात दाखल झाले. काही आठवड्यांत सुमारे १७ हजार लोक आजारी पडले आणि त्यातले साडेआठ हजारांहून अधिक दगावले.

शेजारचे आल्टोना हे गाव हॅम्बुर्गला अगदी चिकटून होते. तिथले पाणी तर हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतर, नदीच्या खालच्या अंगाला उचललेले. पण ते वाळूतून गाळलेले होते. सीमेवरच्या रस्त्याच्या एका बाजूला घरोघरी पटकी, तर दुसऱ्या बाजूला जवळपास नाही. हॅम्बुर्गच्या हद्दीतल्या एका घरसमूहाला आल्टोनाचे पाणी मिळत होते, तोही वाचला. हवा तीच, जमीन तीच. फरक फक्त नळाचा. पेटेनकोफर यांनी त्याच ऑक्टोबरात जंतूंचे पाणी स्वतः पिऊन दाखवले आणि थोड्याशा जुलाबांवर निभावले. धाडस खरेच, पण एका माणसावरच्या प्रयोगाने पूर्ण शहराचा पुरावा खोडला जात नाही.

खरा धडा पुढच्या थंडीत मिळाला. १८९३ च्या सुरुवातीला, गाळलेले पाणी पिणाऱ्या आल्टोनातच पटकीचे रुग्ण निघाले. कॉख यांनी गाळण्या एकेक करून तपासल्या. वाळूच्या वर काही दिवसांत चिकट साय धरते आणि जंतू अडवण्याचे बरेचसे काम तीच करते. साय फार दाटली की पाणी झिरपेनासे होते. मग गाळणी रिकामी करून वरचा थर खरवडावा लागतो. कडाक्याच्या थंडीत एक उघडी गाळणी अशी साफ करताना ओली वाळू गोठली. पुन्हा पाणी भरले, पण गोठलेल्या थरातून ते नीट गाळले जाईना. बाकीच्या गाळण्या चोख होत्या. या एकीचे पाणी त्यांच्यात मिसळत राहिले. मुख्य नळाचेच पाणी तपासत बसले असते तर दोष कुठे आहे ते कळले नसते.

म्हणून कॉख यांनी नियम सांगितले. प्रत्येक गाळणीचे पाणी वेगळे आणि रोज तपासायचे. एका घन सेंटिमीटरमध्ये शंभराहून जास्त जंतू निघाले तर ते नळाला सोडायचे नाही. पाणी वाळूतून तासाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने उतरू द्यायचे नाही, मागणी कितीही असो. खरवडल्यानंतर नवी साय धरेपर्यंत थांबायचे. पाणीखात्यातल्या माणसालाच कळेल, यातला शेवटचा नियम पाळणे किती अवघड. लोक नळाशी भांडी घेऊन उभे असतात.

हॅम्बुर्गच्या गाळण्या मे १८९३ मध्ये सुरू झाल्या. त्यानंतर तिथला विषमज्वरही झपाट्याने घटला. कॉख मात्र तिथे थांबले नाहीत. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईला आले, पुढे बरीच वर्षे आफ्रिकेत हिंडले. त्यांच्या क्षयरोगावरच्या ट्युबरक्युलिन या औषधाने आधीच निराशा केली होती. १९०५ चे नोबेल मिळाले ते क्षयरोगावरील संशोधनासाठीच. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे ते वारले. त्यांच्या अस्थी बर्लिनला त्यांच्याच संस्थेत ठेवलेल्या आहेत.